शेवटांची गोणी

धम्मदिनाला शांततेत वाचता येत नसे. ही तिची खोड म्हणायची की तिच्या घराची, हे ठरवणं कठीण. भिवंडीजवळच्या शेलार गावात तिच्या घराची मागची भिंत आणि कापडाच्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती, आणि ती जन्मली तेव्हापासून त्या भिंतीतून खडखड येत होती. मांडणीतले पेले त्या हादऱ्यांनी दिवसभर तसूतसूने पुढे सरकत आणि तिची आई द्रौपदी संध्याकाळी ते पुन्हा मागे ढकलून ठेवी. घरात सगळेच वरच्या पट्टीत बोलत. नवख्या पाहुण्याला वाटे, भांडण चाललंय. लाईट गेली की लूम एकदम गप्प होत, कारागीर बिड्या ओढायला बाहेर येत, आणि धम्मदिना हातातलं पुस्तक मिटून टाकी. शांतता झाली की तिला उगाच वाटे, कोणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय.

तेव्हा ती कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. साल दोन हजार सात. बसल्या जागी तिचा एक पाय सतत हलत असे. वर्गातल्या मुली म्हणत, हिचं बटण कुठेतरी आहे पण सापडत नाही. रिक्षा भरायची वाट बघताना ती वाचे, नळाच्या रांगेत हंडा पायाने पुढे सरकवत वाचे, जेवताना तर वाचेच. आणि वाचे ती सगळी पुस्तकं डोकं आणि शेपूट उडवलेली.

त्याचं कारण तिचे वडील. सोमा अंजूर फाट्याकडच्या एका गोदामात कामाला होता. मुंबईची गोदामं तेव्हा एकेक करून भिवंडीकडे सरकत होती. हे होतं पुस्तकांचं. दुकानांत न खपलेली पुस्तकं ट्रक भरभरून तिथे परत येत आणि तिथून लगद्यासाठी कागदाच्या गिरणीत जात. पण वाटेत कोणी चार पुस्तकं उचलून फुटपाथवर विकू नयेत, म्हणून एक रीत होती. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुडगे एकापुढे एक चिकटवलेले असतात. त्या जुडग्याला तिथे फॉर्म म्हणत. पुठ्ठा, पहिला फॉर्म आणि शेवटचे काही फॉर्म फाडून काढायचे. मग ते पुस्तक कोणाला विकता येत नाही. सोमा आणि आणखी चौघे दिवसभर मांडी घालून तेच करत. मधला उरलेला भाग कोणी चुलीसाठी घरी नेला तर मालकाची ना नसे.

सोमाने चुलीसाठी नेलं आणि लेकीने चुलीपासून वाचवलं, एवढाच तिच्या वाचनाचा इतिहास.

या पुस्तकांना नाव नसे, लेखक नसे. गोष्ट कुठूनही सुरू होई आणि वाक्याच्या मध्येच तुटे. धम्मदिनाने त्याची सवय करून घेतली असती, पण द्रौपदीने होऊ दिली नाही. लेक वाचायची ते तिला भाकऱ्या थापताना मोठ्याने ऐकायचं असे, आणि एकदा ऐकायला घेतलं की गोष्ट अर्धी सोडायला ती तयार नसे. चुलीवरची भाजी अर्धी उतरवतात का, असं तिचं म्हणणं. मग धम्मदिना पुढचं स्वतःच रचून सांगायची. हरवलेली बहीण नाशिकच्या बसस्टँडवर सापडायची, विहिरीवरून भांडणाऱ्या दोन जावा मुलाच्या तापात एकत्र यायच्या. द्रौपदी कधी मान हलवायची, कधी म्हणायची, हे तू घातलंस, पुस्तकात असं नसणार.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका जिन्याखाली मनोजचं सायबर कॅफे होतं. मनोज खारबावचा. घरची जमीन गोदामवाल्यांना गेली तेव्हा वडिलांनी त्याला विचारलं, ट्रक घेतोस की दुकान टाकतोस, आणि त्याने हे तिसरंच काढलं. सहा मशिनं, एक म्हातारा इन्व्हर्टर आणि दारावर लोडशेडिंगच्या वेळा खडूने लिहिलेल्या. त्या वेळा कधीच पाळल्या जात नसत, म्हणून मनोज त्या रोज पुसून नव्या चुकीच्या लिही.

तिथे धम्मदिनाला ऑर्कुटवर 'पान दुमडू नका' नावाची कम्युनिटी सापडली. सगळी कॉलेजची मुलं. सांगलीची रुचिका फार्मसी शिकत होती, नाशिकचा दीपेश इंजिनिअरिंगला होता, कोणी नागपूरचं, कोणी इंदूरचं, एक मुलगी बेळगावची. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि पुस्तकांवरून कडाकडा भांडायचे. धम्मदिनाने आठवडाभर नुसतं वाचलं. मग एक विषय निघाला, तुम्ही कुठे बसून वाचता? कोणी गच्ची लिहिली, कोणी खिडकी, दीपेशने आजोबांच्या काचेच्या कपाटाचा फोटो टाकला. तिने लिहिलं की भिवंडीत माझ्या भिंतीतून लूमचा आवाज येतो, तो थांबला की माझं वाचन थांबतं, लाईट गेली की गोष्टीतली माणसंही जागच्या जागी उभी राहतात.

दुसऱ्या दिवशी त्याखाली इतकी उत्तरं होती की आपण भलतंच पान उघडलं असं तिला वाटलं. इंदूरच्या मुलाने विचारलं, भिवंडीत खरंच कोणी पुस्तकं वाचतं का. रुचिकाने परस्पर उत्तर दिलं, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. त्या दिवशी धम्मदिना घरी गेली ती रिक्षात न बसता चालत, कारण बसवत नव्हतं.

मग तिचं रोजचं झालं. कॉलेज, कॅफे, घर. ती बोलायची छान, नेमकं बोलायची. फक्त एक गोष्ट ती जपून करायची. कोणी पुस्तकाच्या शेवटावर आलं की ती मध्ये पडे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांचा विचार करा, शेवट फोडू नका. कम्युनिटीला हे पटलं, तसा नियमच झाला आणि तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम तिच्याकडे आलं. दीपेश तिला हवालदार म्हणू लागला. हवालदार बाई ड्युटीवर आहेत, शेवट खिशात घाला, असं तो लिहायचा. ती हसायची आणि पाय आणखी जोरात हलवायची. तिने पुरं केलेलं एकही पुस्तक नाही, हे त्या सगळ्यांत कोणालाच माहीत नव्हतं.

आणि मग सोमाने ते पुस्तक आणलं.

पुठ्ठा नव्हता, पण पहिल्या पानावर चक्क 'प्रकरण पहिलं' होतं. धम्मदिनाने घाईघाईने शेवटचं पान उघडलं. वाक्य पूर्ण होतं. त्याखाली अर्धं पान कोरं. कोऱ्या जागेवरून तिने बोट फिरवलं. बापाला विचारलं, तर तो म्हणाला, सुटलं असेल एखादं हातातून, ढीग का थोडा असतो.

तिच्या आयुष्यातलं ते पहिलं अख्खं पुस्तक. गोष्ट साधी होती. तालुक्याच्या गावातल्या एका कंपाउंडरची विधवा, यमुना. तिचा मुलगा वडिलांच्या आजारपणात घर सोडून गेलेला, पत्ता नाही. ती रोज दोन ताटं घेते. शेवटच्या पानावर, बऱ्याच वर्षांनी, दाराची कडी वाजते. वाजवण्याची पद्धत तीच. यमुना उठते, दारापर्यंत जाते, कडीवर हात ठेवते. 'तिने दार उघडलं नाही.' संपलं.

द्रौपदीने हे ऐकलं तेव्हा तिचा हात परातीत थांबला.

"उघडंल ती," ती म्हणाली. "आई हाय ती. पुस्तक संपलं म्हणून काय झालं."

"आई, यात मी काही घातलेलं नाही. असंच आहे."

"असंल. पर उघडंल."

धम्मदिनाला आईची कीव आली. पुस्तक पुरं असलं की ते कसं असतं हे आईला कळत नाही, असं तिला वाटलं.

महिन्याचं पुस्तक निवडायची पाळी त्या वेळी तिच्याकडेच होती. तिने गोष्ट थोडक्यात लिहिली आणि नाव विसरले म्हणून टाकलं. रुचिकाने तासाभरात नाव शोधलं, तिच्या आत्याकडे ते होतं. महिनाभर सगळ्यांनी आपापल्या लायब्रऱ्यांतून मिळवून वाचलं. आणि महिना संपला तेव्हा धम्मदिनाने नियम प्रथमच उठवला. आता सगळ्यांनी वाचलंय, आता शेवटावर बोलू. तिने दोन दिवस कागदावर कच्चं लिहून आणलेलं सगळं टाइप केलं. न उघडलेल्या दारावर. माफ न करण्याचाही एखाद्या आईला हक्क असतो, यावर. इतकं धाडस लेखकाने केलं आणि तिथेच पेन खाली ठेवलं, यावर. तिला आपलं लिहिणं आवडलं होतं. असं याआधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कॅफेत आली तेव्हा पहिलं उत्तर दीपेशचं होतं.

"हवालदार, पुढच्याच पानावर ती दार उघडते. मुलगा आत येतो. जेवतो. भात दोनदा घेतो. त्यानंतर अजून तीन प्रकरणं आहेत. तू नक्की काय वाचलंस?"

खाली बाकीचे. इंदूरच्याने नुसतं हसू टाकलं होतं. बेळगावच्या मुलीने लिहिलं, म्हणून ही कोणाला शेवट सांगू देत नव्हती होय. कोणीतरी जुने विषय उकरून काढले होते आणि दाखवून दिलं होतं की धम्मदिनाने आजवर एकाही पुस्तकाच्या शेवटाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. रुचिकाचं एकच वाक्य होतं: काहीतरी घोटाळा असेल, तिला बोलू द्या.

तिने उत्तराची चौकट उघडली. दोन शब्द टाइप केले, पुसले. पुन्हा केले. आणि लाईट गेली. निजामपुऱ्यातले सगळे लूम एका दमात थांबले.

"गेली," मनोज म्हणाला. "इन्व्हर्टर न्हाय उचलत आता. ऊठ."

त्यानंतरचे दिवस तिला कुठे टेकताच आलं नाही. कॅफेच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि वळायची. प्रॅक्टिकलला प्रोग्रॅम लिहिताना लूप बंद करायची विसरली. पडद्यावर तेच ते अक्षर धावत राहिलं आणि ती बघत राहिली. शिक्षकांनी मशीन बंद केलं तरी तिच्या लक्षात आलं नाही. तिला हसले याचं तिला तितकं वाईट वाटलं नव्हतं. ही मुलं खरं तर तिला दिसलीही नव्हती. पण त्या एका जागी तिला कोणी शेलारची, सोमाची, गोदामवाल्याची पोरगी म्हणून ओळखत नव्हतं. तिथे ती नुसती वाचणारी होती. तेच गेलं, तर मग तिच्याकडे दुसरं काय होतं?

शेवटी तिने ते पुस्तक उलटं धरून पाठीकडून नीट पाहिलं. कडेला वाळलेल्या डिंकाचा पट्टा होता आणि त्या पट्ट्याला अडकून राहिलेल्या कागदाच्या बारीक चिंध्या. वर प्रस्तावनेचा फॉर्म होता, तो निघाला. खाली तीन प्रकरणं होती, ती निघाली. प्रकरण नेमकं फॉर्मबरोबर संपलं, एवढाच काय तो योगायोग.

सोमा कामावरून आला तेव्हा तिने पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पाठीवरून अंगठा फिरवला.

"माझ्याच हातचं हाय," तो म्हणाला. "काय झालं गो बाय?"

तिने सांगितलं. ऑर्कुट म्हणजे काय ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. चार लोकांत आपल्या पोरीला खोटी ठरवली, एवढं शिरलं. तो उठून हातपाय धुवायला गेला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत राहिला. द्रौपदीने मात्र ऐकून घेतलं आणि ती परातीतून मान वर न करता म्हणाली, "मी म्हटलं व्हतं, उघडंल." धम्मदिना तडक बाहेर निघून गेली.

रविवारी दुपारी सोमा सायकलला गोणी बांधून आला. गोणी ओट्यावर टाकली आणि दोरी सोडली. आत नुसते फॉर्म होते, सगळे शेवटचे. फाडलेल्या शेवटांचा ढीग गोदामात वेगळा पडायचा. त्याने तो चार दिवस जेवणाच्या सुट्टीत उपसला होता.

"तुझा न्हाय गावला," तो म्हणाला. "गिरणीत गेला असंल. मग म्हटलं, दुसरे घेऊन जाऊ."

धम्मदिना गोणीकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ते भलतीकडेच जायला लागलं, म्हणून ती खाली बसून फॉर्म काढू लागली. एकात खुनी कबुली देत होता, पण खून कोणाचा ते नव्हतं. एकात मुलगी होस्टेलमधून ट्रंक घेऊन निघाली होती आणि आगगाडी सुटली होती. एकात नुसतं लग्न, पन्नास माणसांच्या पंगतीसकट. ती मोठ्याने वाचत होती, भिंतीपलीकडे लूम चालू होते, आणि द्रौपदी लसूण सोलत ऐकत होती. अचानक तिने हात वर केला.

"थांब. ही तीच. विहिरीवाल्या जावा."

तीच होती. दोन वर्षांपूर्वी चुलीपासून वाचवलेली. धम्मदिनाने तेव्हा दोघींना मुलाच्या तापात एकत्र आणलं होतं. खऱ्या शेवटात धाकटी जाऊ माणसं लावून विहीर बुजवते आणि मोठी ओट्यावर बसून बघत राहते. कोणी कोणाशी बोलत नाही.

द्रौपदीने लसणाची सालं फुंकरीने उडवली.

"तुझा बरा व्हता," ती म्हणाली. "पर हा खरा हाय." आणि थोड्या वेळाने, "त्या यमुनेनं पोराला काय वाढलं, ते इचारलंस का त्यांना?"

धम्मदिनाने ते विचारलं नव्हतं. तिने काहीच विचारलं नव्हतं. ती नुसती तोंड लपवून फिरत होती.

सोमवारी ती कॉलेजला न जाता सरळ मनोजकडे गेली. बरोबर विहिरीचा फॉर्म होता. दारावर खडूने वेळ लिहिली होती, तिच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. तिने बसल्या बसल्या लिहायला घेतलं, कच्चं न करता.

"मी खोटं बोलले नाही. माझ्या पुस्तकात ती दार उघडत नाही, कारण माझं पुस्तक तिथे फाडलेलं आहे. ते माझ्या वडिलांनी फाडलं. गोदामात त्यांचं ते कामच आहे. मी वाचलेली सगळी पुस्तकं अशीच आहेत, म्हणून मला कोणाचाच शेवट माहीत नव्हता आणि म्हणून मी तुम्हालाही तो बोलू देत नव्हते. हे पुस्तक मला अख्खं वाटलं. चुकलं. आता माझ्याकडे गोणीभर शेवट आहेत आणि पुस्तकं नाहीत. त्यातला एक खाली देते. हे पुस्तक कोणतं ते ओळखा. नाव मलाही हवंय."

आणि विहीर बुजवण्याची दहा-बारा वाक्यं तिने फॉर्मवरून उतरवली. मागे मनोज मीटरकडे बघत उभा होता.

"लवकर कर गो. लाईट फडफडतेय."

तिने बटण दाबलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं, आणि सगळं काळं झालं. बाहेर लूम थांबले.

गेलं की नाही गेलं? मनोजला माहीत नव्हतं. तो म्हणाला, दोन तास तरी न्हाय येत, घरी जा. ती गेली नाही. जिन्यावर बसली, उठली, समोरच्या टपरीपर्यंत गेली, परत आली. लूमचे कारागीर ओट्याओट्यांवर पसरले होते, त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "किसका इंतजार है बहन?" तिने सांगितलं, "बत्ती का." तो म्हणाला, हमको भी. त्याला पगार विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळत होता, तिला काय मिळणार होतं हे तिला नीट सांगता आलं नसतं. शांतता अंगावर येत होती. सगळं गाव आपल्याकडे बघतंय असं पुन्हा वाटू लागलं. या वेळी ती पुस्तक मिटू शकत नव्हती, कारण पुस्तकच नव्हतं.

गल्लीच्या टोकाला पहिला लूम सुरू झाला. मग दुसरा, मग सगळे. ती जिन्याखाली धावली. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लावतं हे तिला आजवर जाणवलं नव्हतं.

गेलं होतं. खाली उत्तरं होती. बेळगावच्या मुलीने लिहिलं होतं, गोणीतला दुसरा शेवट टाक, आमच्या हॉस्टेलमध्ये पैज लागली आहे. इंदूरचा गप्प होता. दीपेशने चूक झाली वगैरे काही लिहिलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, "हवालदार, हे ओळखीचं आहे. थांब. आजोबांचं कपाट बघून येतो." त्याखाली थोड्या वेळाने पुन्हा त्याचंच, वरच्या कप्प्यात नाही, खालचा बघतो.

रुचिकाने वेगळा स्क्रॅप, म्हणजे तिच्या एकटीच्या नावे निरोप, टाकला होता. आत्याचं पुस्तक तिच्याकडेच होतं, शेवटच्या तीन प्रकरणांच्या झेरॉक्स काढून पाठवते, पत्ता दे. धम्मदिनाने पत्ता दिला, मुक्काम पोस्ट शेलार, तालुका भिवंडी, सगळा. आणि खाली लिहिलं, "तोपर्यंत एकच सांग. माझी आई विचारते, त्याला जेवायला काय वाढलं?"

रुचिका तेव्हा ऑनलाइन होती. उत्तर लगेच आलं.

"आमटी-भात. आमटी खारट झालेली असते. तो काही बोलत नाही, अजून भात मागून घेतो."

धम्मदिनाने दप्तर उचललं, मनोजला पैसे उद्या देते म्हणून सांगितलं आणि निघाली. हे आईला सांगायचं होतं, आत्ताच्या आत्ता, लूमच्या वरताण ओरडून. गल्लीच्या तोंडाशी शेलारची रिक्षा एका सीटसाठी थांबलेली होती. तिने आत पाय टाकला आणि काढला. आई पहिला प्रश्न काय विचारणार ते तिला दिसत होतं. यमुना इतक्या वर्षांची हात बसलेली बाई, तिची आमटी खारट झालीच कशी?

रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. ती तशीच मागे वळली.

"आता काय गो?" मनोज म्हणाला.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली, आणि मशीन मोकळं व्हायची वाट बघत त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर.